साडीगार्डासह शर्यत

हेब्बाळच्या तळ्यामागे तेव्हा वस्ती नव्हती. पावसाळा उतरणीला लागला की उतारावरची तांबडी माती आणि काठचा काळा गाळ एक होत आणि त्याचा असा लगदा तयार होई की त्यातून पाय वर येई, चप्पल आत राही. शहरातल्या मोटरसायकलवाल्या मंडळींनी शर्यतींसाठी हीच जागा निवडली होती. इंग्रजीत या शर्यतींना स्क्रॅम्बल म्हणत. रस्ता नसलेल्या जागी, म्हणजे उतार, ओढा, नांगरलेले शेत आणि पुन्हा चढ अशा वाटेवर, ठरलेल्या फेऱ्या घालायच्या. सगळ्या फेऱ्या पुऱ्या करणाऱ्यांना क्रमांक मिळे. बाकीच्यांच्या नावापुढे ‘शर्यत सोडली’ एवढेच छापले जाई.

माझ्या थोरल्या भावाच्या नावापुढे ते मी छापत असे. साठच्या दशकातल्या सुरुवातीच्या त्या वर्षांत मी शहरातल्या एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो. रविवारी खेळाच्या पानाला माणूस कमी पडे, म्हणून निकाल आणण्याचे काम माझ्याकडे आले होते. दादाने शर्यत का सोडली हे मला प्रत्येक वेळी तपशीलवार माहीत असे, पण त्याला पानावर जागा नव्हती.

दादा एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होता. राहायला कारखान्याच्या वसाहतीतले क्वार्टर, पुढे व्हरांडा, मागे थोडी मोकळी जागा. मोटरसायकल विलायती होती, साडेतीनशे सी.सी.ची, चिकमगळूरचा एक कॉफीमळेवाला मायदेशी परत जाताना ती विकून गेला होता. सोमवार ते शनिवार दादा तिच्यावर कारखान्यात जाई. संध्याकाळी वहिनी मागे बसून मल्लेश्वरमला भाजीला जात. वहिनींसाठी मागच्या चाकाला डाव्या बाजूने तारेची जाळी बसवून घेतली होती, पदर चाकात जाऊ नये म्हणून. तिला साडीगार्ड म्हणत. शर्यतीच्या दिवशीही ती जाळी जागेवर असे. हेब्बाळला साडीगार्डासह उतरणारा दादा एकटाच होता.

दादाला शर्यत सोडावी लागे ती इंजिनामुळे नव्हे. इंजिन उत्तम होते. पुढचे चाक ज्या दोन नळ्यांत धरलेले असते त्याला फोर्क म्हणतात. त्या नळ्यांत स्प्रिंग आणि तेल असते. मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन शॉक ॲब्सॉर्बर असतात. खड्डा आला की यांनी दबायचे आणि लगेच परत वर यायचे, एवढेच त्यांचे काम. दादाच्या गाडीत ते दबत नसत, किंवा दबले तर वर येत नसत.

पहिल्या वर्षी असे झाले की चिखलातली बारीक वाळू फोर्कच्या नळीवर चढली आणि आतले तेल अडवणारी रबरी कडी, म्हणजे सील, तिने कुरतडली. तेल गळून पुढच्या ब्रेकवर आले. ओढ्याच्या उतारावर पुढचा ब्रेक लागेना आणि मागचा चिखलात नुसता घसरे, तेव्हा दादा शहाणपणाने बाजूला झाला आणि गाडी ढकलत परत आला. दोष किरकोळ होता. नवी सील बसवून थांबले असते तर विषय संपला असता.

पण सोमवारी संध्याकाळी व्हरांड्यात चौकशी बसली.

चौकशीला तिघे असत. एक दादा. दुसरे कारखान्याच्या तपासणी खात्यातले, पुण्याचे, वयाने मोठे. त्यांना सगळे ‘साहेब’ म्हणत. तिसरा नकाशा खात्यातला ड्राफ्ट्समन, धारवाडचा. त्याला सगळे ‘अण्णा’ म्हणत. कारखान्यात एखादा भाग तुटला की जशी चौकशी होई तशीच ही होई: काय तुटले, कधी तुटले, आधी कुणी पाहिले होते. वहिनी चहा आणत. मी रात्रपाळीला निघेपर्यंत कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेला असे.

“वाळू आत कशी गेली?” साहेबांनी विचारले.

“उघडी नळी आहे. जाणारच,” दादा म्हणाला.

“मग झाका.”

अण्णाने सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर आकृती काढली. नळ्यांना चामड्याचे बूट शिवून घ्यायचे, वरून खालून आवळायचे. “सरी,” तो कानडीत होकार देत म्हणाला. “एकदम फर्स्ट क्लास.”

दुसऱ्या शर्यतीत चामडे भिजून फुगले. वरच्या टोकाने चिखल आत शिरला आणि खालच्या टोकाने बाहेर पडेना. तिसऱ्या फेरीपर्यंत दोन्ही बूट पिठाच्या पिशव्यांसारखे गच्च भरले आणि फोर्क दबला तो दबलेलाच राहिला. दादा पुढे वाकून, घोड्याच्या मानेवर पडल्यासारखा, अर्धी फेरी आला आणि थांबला.

इथे कुणालाही वाटेल की आता बूट काढले असतील. मलाही वाटले होते.

“बूट काढायचे का?” मी विचारले.

तिघांनी माझ्याकडे पाहिले. साहेबांनी समजावून सांगितले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांच्या कारखान्यात एखाद्या यंत्राला नवा भाग जोडायचा असेल तर विभागातल्या विभागात जोडता येई. असलेला भाग काढायचा असेल तर मात्र वरची सही लागे, कारण उद्या काही बिघडले तर पहिला प्रश्न येई, तो भाग कुणी काढला. जोडणाऱ्याला कुणी काही विचारत नसे. वीस-वीस वर्षे हेच करत आलेली ही माणसे होती. व्हरांड्यात बसल्यावर त्यांचे हात आपोआप तसेच चालत.

“शिवाय बूट गेले की वाळू आत जाणार,” अण्णा म्हणाला. “ते आधीच सिद्ध झालंय.”

तेव्हा बूट राहिले. फोर्क दबू नये म्हणून आतल्या स्प्रिंगच्या पोटात दुसरी स्प्रिंग घातली आणि तेल जाड घातले. तिसऱ्या शर्यतीत फोर्क दबला नाही. तो हललाच नाही. प्रत्येक खड्डा थेट दादाच्या मनगटात गेला आणि सगळा भार मागे आला. मागच्या एका शॉक ॲब्सॉर्बरचा दांडा वाकला. दादाला दोन्ही हातांनी कप धरून चहा घ्यावा लागत होता.

“मागचे उघडे आहेत ना,” साहेब म्हणाले.

मागच्या शॉक ॲब्सॉर्बरांना पत्र्याच्या ढाली आल्या. ढालींना आधार पाहिजे, म्हणून डावी ढाल साडीगार्डाला कसली. आता मागचे मडगार्ड, ढाल आणि जाळी यांच्यामध्ये एक सुबक कप्पा तयार झाला. त्यात चिखल साठत असे. चौथ्या शर्यतीत तो इतका साठला की मागचे चाक फिरायचेच थांबले. इंजिन ओरडत होते, गाडी उभी होती. शर्यतीच्या व्यवस्थेत एक कँटोन्मेंटचा अँग्लो-इंडियन गृहस्थ पंच म्हणून असे. त्याने येऊन गाडीभोवती एक चक्कर मारली आणि हिंदीत विचारले, “मिस्टर, रेस करने आए या बर्तन बेचने?”

त्याच्या विचारण्यात स्वार्थही होता. त्याला दादाचे इंजिन हवे होते. प्रत्येक शर्यतीनंतर तो येई, सायलेन्सरवरून हात फिरवी आणि म्हणे, कंटाळलात की सांगा.

त्याच सुमारास बेळगावहून वहिनींच्या वडिलांचा निरोप आला. त्यांनी पूर्वी कधीतरी नोंदवून ठेवलेल्या स्कूटरचा नंबर लागला होता. स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे थांबत, त्यामुळे ही बातमी आमच्या घरात एखाद्या लग्नासारखी आली. वडिलांचे म्हणणे होते की त्यांचे आता वय झाले, स्कूटर मुलीने घ्यावी. हंगाम संपेपर्यंत काय ते कळवा, नाहीतर धाकटा मुलगा घेईल. स्कूटरला पायाशी सपाट जागा असते, पदर चाकात जात नाही, पाऊस असला तरी कपडे तितके खराब होत नाहीत. वसाहतीतल्या शेडमध्ये प्रत्येक क्वार्टरला एकाच वाहनाची जागा होती.

वहिनी बेळगावच्या, तिकडच्या पद्धतीप्रमाणे स्वतःबद्दल बोलताना ‘मी येतो’, ‘मी करतो’ असे बोलत. निरोप वाचून त्या इतकेच म्हणाल्या, “तुम्ही ठरवा. मी मध्ये पडत नाही की.”

दादाने ठरवले ते चौकशीच्या वेळी, सगळ्यांसमोर, आणि बहुधा चिडून. “शेवटची शर्यत आहे. ही पुरी केली तर गाडी राहील. नाही केली तर मी स्वतः ती कँटोन्मेंटला त्या पंचाला नेऊन देतो आणि स्कूटर आणतो. पुन्हा विषय नाही.”

साहेबांना हे आवडले नाही. “असं मुदतीवर काम केलं की चुका होतात,” ते म्हणाले.

पुढच्या पंधरवड्यात ढालींना भोके पाडली. भोकांतून चिखल बाहेर पडेल अशी कल्पना होती. दादा रोज संध्याकाळी गाडीपाशी बसलेला असे. तो तिला काही बोलत नसे, की हातही फिरवत नसे. तसा माणूस तो नव्हता. पण मल्लेश्वरमला जायचे असले तर त्या दिवसांत तो नेहमीपेक्षा लांबच्या रस्त्याने जाई, असे वहिनींनी मला नंतर सांगितले.

शेवटच्या शर्यतीच्या दिवशी पाऊस नव्हता, पण आदल्या आठवडाभर पडलेला सगळा पाऊस जमिनीत होता. सकाळी सरावाच्या फेऱ्या आणि दुपारी खरी शर्यत. वहिनी चित्रान्नाचा, म्हणजे फोडणीच्या लिंबूभाताचा, डबा घेऊन मागे बसून आल्या होत्या. साहेब आणि अण्णा बसने आले होते, हत्यारांची पिशवी घेऊन. मी पंचांच्या टेबलाजवळ नावे उतरवून घेत होतो.

सरावाच्या पहिल्याच फेरीत गाडी ओढ्यापाशी थांबली. भोकांतून चिखल बाहेर पडला नव्हता. तो भोकांतून आत गेला होता.

चौघांनी ढकलत ती होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली आणली. साहेबांनी चष्मा पुसला. अण्णा उकिडवा बसून काडीने चिखल उकरू लागला. पंच लांबून बघत होता आणि त्याला घाई नव्हती.

“भोकं लहान पडली,” अण्णा म्हणाला.

“भोकांची जागा चुकली,” साहेब म्हणाले. “खाली पाहिजे होती. खाली एक पन्हळ जोडली असती तर...”

“आता पन्हळ कुठून आणणार?” दादा म्हणाला.

“आता नाही. मी तत्त्व सांगतोय.”

वहिनींनी डब्याचे झाकण उघडले होते, ते परत लावले. “मी एक विचारतो,” त्या म्हणाल्या. “हे पत्र्याचं काढलं तर काय होतंय?”

“शॉक ॲब्सॉर्बर उघडे पडतात,” साहेब म्हणाले.

“पडू देत की. आणि ते मडगार्ड?”

“मडगार्ड कसं काढणार, वहिनी?” अण्णा म्हणाला. “ परत जाताना तुम्ही मागं बसणार. सगळा चिखल पाठीवर.”

“आणि ही जाळी?”

दादा म्हणाला, “जाळी तुझ्यासाठीच आहे.”

“माझ्यासाठी?” वहिनींनी विचारले. “मी कधी मागितलो? ती तार वर आलीय एका ठिकाणी. दर वेळेला माझी साडी तिच्यातच अडकतीय. निऱ्यांना किती रफू केलंय बघा की. चाकात एकदाबी गेली नाही. जाळीत रोज जातीय.”

“बोलली नाहीस कधी,” दादा म्हणाला.

“तुम्ही तिघं रोज बसून विचार करालात. मला वाटलं, काही असेल त्यात.”

अण्णाने काडी खाली ठेवली. या दोन्ही हंगामांत चौकशीपुढे एक गोष्ट गृहीत होती: वहिनी मागे बसतात, म्हणून मडगार्ड, जाळी आणि जाळीला कसलेली ढाल ही जागची हलू शकत नाहीत. आकृत्या या तिन्हींच्या भोवतीने काढल्या जात. वहिनी प्रत्येक बैठकीला चहा घेऊन त्या व्हरांड्यात आलेल्या होत्या.

“मी चालत जातो बसपर्यंत,” वहिनी म्हणाल्या. “काढा ते सगळं.”

साहेबांनी हत्यारांच्या पिशवीकडे पाहिले, पण हात पुढे केला नाही. “काढायला हरकत नाही,” ते म्हणाले. “पण उद्या काही झालं तर कुणी काढायला सांगितलं हे स्पष्ट पाहिजे.”

“मी सांगितलो,” वहिनी म्हणाल्या. “मी सांगितलो म्हणून सांगा.”

यानंतर जे झाले ते इतक्या चटकन झाले की त्यामुळेच मला अधिक संताप आला. हे लोक कामात वाकबगार होते. अण्णाने बूट चाकूने उभे चिरले आणि ते भिजलेल्या मोज्यांसारखे सोलून काढले. साहेबांनी, एकदा हुकूम मिळाल्यावर, ढाली, जाळी, मागचे मडगार्ड, पुढचे मडगार्ड, साखळीवरचे झाकण असे एकेक भाग नट-बोल्टसकट वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. दादाने फोर्कची वरची झाकणे उघडून आतल्या जादा स्प्रिंगा ओढून काढल्या. जाड तेल बदलायला दुसरे तेल नव्हते, ते तसेच राहिले. दुपारचे चित्रान्न खाऊन व्हायच्या आत सगळे काम झाले. जी गाडी दोन हंगाम तीन माणसांच्या आवाक्यात येत नव्हती ती आता उभी होती, बारीक, ओकीबोकी, आणि तिला पाहून पंच जवळ आला.

“बर्तन बिक गए?” त्याने विचारले.

शर्यत सुरू झाल्यावर मी माझे काम म्हणून ओढ्याच्या वळणावर जाऊन उभा राहिलो, कारण सगळे तिथेच पडत. पहिल्या फेरीत दादा मागे होता. चाकांवरून चिखल उडून सरळ आकाशात जात होता आणि त्याच्याच पाठीवर पडत होता. पण तो साठत नव्हता. मागचे चाक ओढ्यातल्या दगडांवर आदळे, वर येई, पुन्हा आदळे. पुढचा फोर्क जाड तेलामुळे सावकाश दबे आणि त्याहून सावकाश वर येई, जसा एखादा जाड माणूस पाटावरून उठतो. तरी तो वर येत होता. एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती.

मधल्या फेऱ्यांत दोघेतिघे ओढ्यात बसले. दादा त्यांना वळसा घालून गेला. होंगेच्या झाडाखाली साहेब हात मागे बांधून उभे होते. वहिनी डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि प्रत्येक फेरीला गाडीचा आवाज उतारामागे गेला की तो परत येईपर्यंत कुणाशी बोलत नव्हत्या.

शेवटच्या फेरीत ओढ्याच्या वर मला दिसले की पुढच्या चाकावर काळे काहीतरी पसरले आहे. सील गेली होती. फोर्कचे तेल ब्रेकवर येत होते. पहिल्या वर्षी झाले होते तेच, जसेच्या तसे. दादालाही ते कळले असणार, कारण उतारावर त्याने ब्रेक लावला आणि गाडी थांबली नाही.

या वेळी तो बाजूला झाला नाही. त्याने दोन्ही पाय खाली सोडले आणि चिखलातून नांगर ओढत यावा तसा तो आला, शेवटच्या रेषेवरून गेला, रेषेपलीकडचा दोर छातीवर घेऊन थोडा पुढे गेला आणि पंचाच्या टेबलापाशी आडवा झाला. टेबलावरची शाई सांडली. पंचाने घड्याळ पाहिले, क्रमांक लिहिला आणि मग त्याला हात देऊन उठवले. इंजिनाबद्दल तो काही बोलला नाही.

दादा शेवटून दुसरा आला होता. त्या रात्री निकालात मी त्याचा क्रमांक लावला आणि दोनदा तपासला. ‘शर्यत सोडली’ असे लिहिलेल्यांत त्याचे नाव नव्हते. तेल गळूनही शर्यत ब्रेकशिवाय पुरी झाली हे छापायला जागा नव्हती. पण त्यापेक्षा मला वेगळेच डाचत होते. या एवढ्याशा दोषावर शर्यत पुरी करता येत होती, आणि तो दोष पहिल्याच वर्षी होता. मधल्या सगळ्या शर्यती त्यांनी त्या दोषावर केलेल्या उपायांशीच लावल्या होत्या.

शर्यत संपल्यावर वहिनी म्हटल्याप्रमाणे चालत बसपर्यंत आल्या होत्या, माझ्याबरोबर. चपला हातात होत्या. रस्त्यात त्यांनी विचारले, “बेळगावला आजच कळवू का उद्या?”

“काय कळवणार?”

“स्कूटर धाकट्याला द्या म्हणून.” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “त्याला सांगायला पाहिजे, तिला काही जोडू नको म्हणून.”

सोमवारी संध्याकाळी चौकशी बसली. मला वाटले होते, या वेळी बसणार नाही. शर्यत पुरी झाली होती. पण साहेबांचे म्हणणे असे होते की सील गेली, म्हणजे बिघाड झाला, म्हणजे कारण शोधले पाहिजे. शर्यत पुरी होणे हा वेगळा मुद्दा आहे.

“नळी उघडी होती,” साहेब म्हणाले.

“होय,” अण्णा म्हणाला. “बूट काढले ना.” त्याने सिगारेटचे पाकीट उलटे केले. “आता चामडं नको. कॅनव्हास. आणि खाली स्वल्प भोक ठेवू, पाणी जायला.”

मी दादाकडे पाहिले. दादा आकृतीकडे पाहत होता, आणि तो ती लक्ष देऊन पाहत होता.

“मडगार्ड आणि जाळी उद्या परत चढवून टाकू,” साहेब म्हणाले. “पावसात कारखान्यात जायचं म्हणजे मडगार्ड लागणारच. जाळी कुठाय?”

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. “मडगार्ड घ्या,” त्या म्हणाल्या. “जाळी मागं आहे. तिच्यावर अवरेच्या शेंगांचा वेल चढवलोय. आता काढता येत नाही.”

साहेबांनी कप उचलला. “वेल दुसरीकडे नेता येईल,” ते म्हणाले. “एक काठी जोडली की झालं.”

दादा पहिल्यांदाच पाकिटावरून नजर वर करून बोलला. “नाही साहेब. जाळी काढली ती काढली. वरून हुकूम आहे.”

साहेबांनी वहिनींकडे पाहिले, मग दादाकडे. हरकत घ्यायला जागा नव्हती. हुकूम त्यांच्यासमोरच झाला होता. ते बरे म्हणाले, चहा प्याले आणि कॅनव्हासच्या बुटांना भोक नक्की किती मोठे असावे या प्रश्नाकडे वळले. मी रात्रपाळीला निघालो तेव्हा ते तिघे अजून त्यावरच होते.